त्याच्या हातून झालं

घरी कोणी विचारलं, "नक्की काय काम करतोस रे?" तर मी सांगतो, "डिस्क किती पळते ते मोजतो." आई त्यावर विचारते, "आणि मोजून?" त्याचं धड उत्तर मला अजून सुचलेलं नाही. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या घराच्या वरच्या खोलीत बसून मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो. मशीन तिकडे, मी इकडे. तिकडच्या डिस्कवर इथून बसल्या बसल्या काहीही करता येतं. दोन वर्षांपूर्वी हे वाक्य मी कौतुकाने म्हटलं असतं.

गेल्या वर्षी एका शनिवारी तिकडची एक डिस्क पुसली गेली. दुसऱ्या एका टीमचा सव्वा महिन्याचा डेटा गेला. कमांड चालवली आमच्या टीममधल्या एका नव्या पोराने. लिहिली होती मी. या दोन वाक्यांच्या मध्ये नक्की काय आहे, हे मी तेव्हापासून शोधतोय.

आधी थोडं मोजण्याबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

फोनमधलं एखादं ॲप पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो. बंद करून लगेच पुन्हा उघडलं तर ते पटकन उघडतं. तेवढ्यात फोन सुधारलेला नसतो. पहिल्यांदा वाचलेला डेटा मेमरीत पडून असतो, दुसऱ्यांदा तो तिथूनच येतो. आता तुम्हाला स्टोरेजचा वेग मोजायचा आहे आणि तुम्ही ही दुसरी वेळ मोजलीत, तर आकडा झकास येईल, पण तो मेमरीचा असेल. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढे जात नाही, कारण जोडणीचीच तेवढी मर्यादा आहे. तिच्यावर कोणी तीन-चार जीबीचा आकडा दाखवला, तर त्याने डिस्क सोडून दुसरंच काहीतरी मोजलंय असं समजावं. म्हणून मोजण्याआधी मेमरीतला हा साठा रिकामा करावा लागतो. लिनक्समध्ये त्यासाठी एका ठरावीक फाइलमध्ये ३ हा आकडा लिहायचा असतो. साधं काम आहे, पण ते करायला रूटचा, म्हणजे मशीनच्या मालकाचा अधिकार लागतो.

एसएसडीचं आणखी एक आहे. कोरी एसएसडी वापरलेल्या एसएसडीपेक्षा वेगाने लिहिते, कारण तिला आधीचं आवरत बसावं लागत नाही. स्टोरेज नेटवर्किंग इंडस्ट्री असोसिएशन, म्हणजे स्निया या संस्थेने एसएसडी कशी तपासायची याची पद्धत ठरवून दिली आहे. आधी डिस्क पूर्ण पुसायची. मग तिच्या क्षमतेच्या दुप्पट डेटा तिच्यावर लिहायचा. मग वेग एका पातळीवर स्थिर होईपर्यंत चाचणी चालवत राहायची, आणि आकडा त्यानंतरचा घ्यायचा. पुसणं ही त्यातली पहिली पायरी. तिथेच थांबून आकडा घेतला तर तो कोऱ्या डिस्कचा येतो, आणि विकत घेणाऱ्याकडे डिस्क फार दिवस कोरी राहत नाही. म्हणजे पुसण्याची तीच कमांड एका चाचणीत शिस्त असते, दुसरीत लबाडी. त्यानंतर काय केलं आणि ते सांगितलं का, यावरून ते ठरतं.

मोजण्यासाठी आम्ही फिओ नावाचं टूल वापरतो. लिनक्समध्ये डिस्कशी बोलणारा भाग सांभाळणाऱ्या येन्स ॲक्सबो यांनी ते लिहिलंय, दरवेळी नव्या चाचणीसाठी नवा प्रोग्रॅम लिहिण्याचा ताप वाचावा म्हणून. एका साध्या फाइलमध्ये आपण लिहायचं: कुठली डिस्क, वाचायचं की लिहायचं, केवढ्या तुकड्यांत, किती वेळ. बाकीचं फिओ बघतो. याच फाइलमध्ये आणखी एक ओळ लिहिता येते, 'एक्झेक प्रीरन'. मोजायला लागण्याआधी ही कमांड चालव, असा तिचा अर्थ. नंतरसाठी तशीच 'पोस्टरन' आहे. त्या ओळीत जे लिहिलंय ते फिओ उचलतो आणि जसंच्या तसं शेलच्या हवाली करतो. त्यात काय आहे हे त्याला कळत नाही. त्याच्या लेखी ती नुसती अक्षरं. कमांडने जे काही म्हटलं असेल ते एका वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये जाऊन पडतं, आणि ती फाइल सहसा कोणी उघडत नाही.

फिओ रूट म्हणून चालवला असेल, तर ती कमांडही रूट म्हणून चालते. घरात वीज मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाच्या हातात सगळ्या कपाटांच्या किल्ल्या द्याव्यात, तसं हे आहे. रीडिंग घेण्यासाठी एखादी किल्ली खरंच लागत असेल. पण आपण जुडगाच देतो.

*

माझ्या फाइलमध्ये प्रीरनच्या ओळीत 'ब्लकडिस्कार्ड' होतं. ही कमांड एसएसडीला सांगते की तुझ्यावरचं आता काहीही नको आहे. मोठी डिस्कसुद्धा काही सेकंदांत कोरी होते. कमांडपुढे डिस्कचं नाव होतं, माझ्या मशीनवरच्या दुसऱ्या एनव्हीएमई डिस्कचं. ही नावं म्हणजे नुसते क्रमांक. मशीन बदललं की त्या क्रमांकावर वेगळीच डिस्क असते, आणि त्याच मशीनवरही रीबूटनंतर क्रमांक बदलू शकतो. डिस्कच्या सिरीयल नंबरवरून बनलेलं कायमचं नावही असतं. ते वापरायला हवं हे मला माहीत होतं. पण फाइल माझ्यापुरतीच होती, संध्याकाळ झाली होती, चालत होतं. सोडून दिलं.

पाच-सहा महिन्यांनी ती फाइल त्या पोराने घेतली. इचलकरंजीचा, नोकरीला लागून चार महिने झालेले, मला 'दादा' म्हणतो. मीच त्याला म्हटलं होतं, "अरे, माझी फाइल आहे की, ती घे. डिस्कचं नाव तेवढं बदल." त्याने बदललं. फाइलमध्ये जिथे डिस्कचं नाव द्यायचं असतं, तिथे त्याने आपल्या मशीनवरच्या मोकळ्या डिस्कचं नाव घातलं, दोनदा तपासलं, आणि सुडो लावून फिओ चालवला. खाली प्रीरनच्या ओळीत जुनंच नाव राहिलं. त्या मशीनवर त्या क्रमांकावर दुसऱ्या टीमची डिस्क होती. तिच्यावर फाइलसिस्टम नव्हती, डेटा थेट कच्चा लिहिलेला होता, आणि शनिवार-रविवारसाठी त्यांनी आपली चाचणी थांबवली होती. त्यामुळे मध्ये काही आडवं आलं नाही.

त्याची चाचणी व्यवस्थित पार पडली. आकडे आले. प्रीरनचं म्हणणं साठवणारी फाइलही तयार झाली, शून्य बाइटची. ब्लकडिस्कार्डचं काम नीट झालं तर ते काही बोलत नाही.

रविवारी रात्री दुसऱ्या टीमच्या लक्षात आलं. ग्रुपवर मेसेज सुरू झाले. त्याने बिचाऱ्याने काय काय चालवलं होतं ते सगळं ग्रुपवर टाकलं. फाइलचं नाव वाचलं आणि मला कळलं. ती ओळ उघडून बघायचीही गरज पडली नाही.

सोमवारी चौकशीचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता: कमांड कोणी चालवली? सुडोच्या नोंदीत त्याचं नाव आणि पुढे फिओ, एवढंच होतं. ब्लकडिस्कार्डचा उल्लेखही नव्हता, कारण सुडोने फिओ चालवला. पुढचं फिओने केलं. माझं नाव कुठल्याच नोंदीत नव्हतं. मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, "त्याच्या हातून झालं. होतं असं कधीकधी." सगळ्यांना बरं वाटलं. मलाही.

मी बुधवारी सकाळपर्यंत गप्प होतो.

*

गप्प असताना मी स्वतःशी जे बोलत होतो, ते बिनबुडाचं नव्हतं. दुसऱ्याची फाइल वाचल्याशिवाय रूट म्हणून चालवू नये, हा आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवला जाणारा नियम आहे. प्रीरनची ओळ लपवलेली नव्हती. फाइल चाळीस ओळींचीही नव्हती. शिवाय हेतू कोणाचाच वाईट नव्हता. प्रत्येक मुद्दा खरा होता, आणि प्रत्येक मुद्दा माझ्या सोयीचा होता. खरं आणि सोयीचं इतकं हातात हात घालून आलं की मला थोडी शंका यायला हवी होती.

शाळेत आपल्याला प्रयोजक क्रियापदं शिकवतात. हसणे, हसवणे. बसणे, बसवणे. करणे, करवणे. 'आई बाळाला हसवते' या वाक्यात हसतं बाळ, पण कर्ता आई. तेव्हा तो दोन मार्कांचा प्रश्न होता. आता वाटतं, एका क्रियेमागे दोन माणसं असू शकतात, एक करणारा आणि एक करवणारा, हे आपल्या भाषेने क्रियापदातच नोंदवून ठेवलंय. आणि 'करवणे' वापरलं की कर्त्याच्या जागी करवणारा येतो.

पण याच भाषेत पळवाटाही आहेत. 'डिस्क पुसली गेली' या वाक्यात कोणीच नाही. हे वाक्य मी या लेखाच्या सुरुवातीला वापरलंय, वर जाऊन बघा. लिहिताना लक्षातही आलं नाही. आणि 'त्याच्या हातून झालं' हे तर फारच चतुर वाक्य आहे. ते दयाळू वाटतं. त्याचा दोष ते कमी करतं: मनात नव्हतं, हातून झालं. पण त्याच वेळी ते हात कोणाचा हे पक्कं करून टाकतं आणि बाकीच्यांना मोकळं सोडतं. हात त्याचा असेल, तर त्या हातातली वस्तू कोणी दिली, हे त्या मीटिंगमध्ये कोणी विचारलं नाही. ज्याला उत्तर माहीत होतं तो कॅमेरा बंद करून बसला होता.

पतंजलीच्या योगसूत्रांत हिंसेचे प्रकार सांगताना स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि संमती दिलेली, अशी तिन्हींची वेगवेगळी नोंद आहे. माझ्या प्रकरणाला हिंसा म्हणणं जरा जास्त होईल. मला त्यातली मोजण्याची रीत पटते. करवणाऱ्याचं नाव घातलं म्हणून करणाऱ्याचं खोडलेलं नाही, आणि करणारा सापडला म्हणून करवणारा सुटलेला नाही. आपण मात्र जबाबदारी भाकरीसारखी मोडतो: अर्धी तुझी, अर्धी माझी, त्याने जास्त घेतली की माझी कमी. खरं तर ती शाळेतल्या हजेरीसारखी असावी. प्रत्येकाने आपल्या नावाला 'हजर' म्हणायचं. शेजारचा हजर आहे म्हणून माझी हजेरी लागत नाही.

*

माझे मामा करवीर तालुक्यातल्या एका गावात दूध संस्थेचे सचिव आहेत. आमच्या भागात संस्थेत दूध घातलं की फॅट आणि एसएनएफ बघून दर मिळतो. म्हशीच्या दुधाचा भाव सांगताना ६ फॅट आणि ९ एसएनएफ धरून सांगतात. पूर्वी ॲसिड घालून, यंत्रात फिरवून फॅट काढायचे; आता मशीन आहे, काही क्षणांत आकडा येतो आणि स्लिप हातात पडते.

त्या आठवड्यात मी मामांकडे गेलो होतो. सहज विचारलं, मशीन आल्यापासून भांडणं कमी झाली का. मामा म्हणाले, "मशीन बरोबरच असतंय रं. भांडणं सगळी ढवळण्यावरनं."

दुधात स्निग्धांश वर येतो. वरचं दूध घेतलं तर फॅट जास्त लागतं, तळाचं घेतलं तर कमी. म्हणून नमुना काढण्याआधी दूध नीट ढवळावं लागतं. ढवळणं हा मापाचा भाग नाही, पण त्याच्याशिवाय माप खरं येत नाही. आणि ते स्लिपवर कुठेच येत नाही. स्लिपवर तारीख, लिटर, फॅट, दर, रक्कम. मशीन बिघडलं तर दुरुस्त करता येतं, दुसऱ्या मशीनवर ताडून बघता येतं. ढवळलेलं परत कसं बघणार?

"मग काय करता?" मी विचारलं.

"काय करायचं? समोर ढवळायचं. म्हातारी कॅनात वाकून बघतीया, बघू दे की."

यात मला माझ्या कामाचं एक उत्तर सापडलं. प्रीरन म्हणजे ढवळणं. ते टाळता येत नाही, टाळू नये. पण ते आकड्याच्या आधी घडतं आणि आकड्यात दिसत नाही, म्हणून ते समोर व्हायला हवं. माझ्या फाइलमध्ये कोणी वाकून बघत नव्हतं. ज्याला बघायला सांगायला हवं होतं, त्याला मी "नाव तेवढं बदल" म्हटलं होतं.

*

तरी एक आक्षेप उरतोच. असं मागे मागे जात राहिलं तर थांबायचं कुठे? ओळ मी लिहिली, पण अशी ओळ लिहिता येण्याची सोय ॲक्सबोंनी दिली. शेल त्याच्याही आधी कोणी लिहिला. सुरी बनवणाऱ्यापासून लोखंड काढणाऱ्यापर्यंत सगळेच जबाबदार ठरवले, तर कोणीच ठरत नाही.

यावर विचार करताना मला २०१५ सालचं एक प्रकरण आठवलं. स्टीम नावाचा गेमिंगचा प्रोग्रॅम आहे, त्याच्या लिनक्स आवृत्तीतलं. तिच्यासोबत येणाऱ्या शेल स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती: स्टीमचा फोल्डर जिथे असेल तिथलं सगळं पुसून टाक. फोल्डरचा पत्ता आधीच्या ओळीत शोधला जायचा. तो सापडला नाही तर पत्त्याची जागा रिकामी राहायची, आणि रिकाम्या जागेपुढे उरायचा फक्त मुळाचा तिरका दांडा. मग त्या ओळीचा अर्थ व्हायचा: मशीनवरचं सगळं पुसून टाक. जानेवारी २०१५ मध्ये एकाने आपला स्टीमचा फोल्डर दुसरीकडे हलवला, प्रोग्रॅम सुरू केला, आणि त्याच्या सगळ्या फाइल्स गेल्या. बॅकअपसाठी जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्याही.

त्या ओळीच्या जवळच लिहिणाऱ्याने एक टिप्पणी टाकली होती. एकच शब्द: 'स्केरी!' भीतीदायक. म्हणजे त्याला कळलं होतं. त्याला भीती वाटली, ती त्याने लिहून ठेवली आणि पुढे गेला. पत्ता रिकामा आहे का, हे तपासायला एक ओळ पुरली असती.

हे वाचल्यावर मला माझं उत्तर मिळालं. मी ते असं मांडतो: साखळीत प्रत्येकाला काहीतरी असं माहीत असतं जे पुढच्याला माहीत नसतं. त्या तेवढ्याची जबाबदारी त्याची. फिओ लिहिणाऱ्याला माहीत होतं की ही ओळ शेलकडे जाते. ते त्याने कागदपत्रांत स्वच्छ लिहिलंय. चालवणाऱ्याला माहीत होतं की आपण रूट आहोत. त्याने फाइल पूर्ण वाचायला हवी होती, आणि तेवढा भाग त्याचा आहेच. पण डिस्कचं नाव फाइलमध्ये दोन ठिकाणी आहे, आणि त्यातलं दुसरं फिओला दिसत नाही अशा जागी आहे, हे जगात फक्त मला माहीत होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. माझा भाग तेवढा आहे, पण तो पूर्ण माझा आहे.

*

पावसाळ्यात आम्हा कोल्हापूरकरांच्या फोनवर एक ठरलेला मेसेज येतो: राधानगरीचा अमुक क्रमांकाचा स्वयंचलित दरवाजा उघडला, १४२८ क्युसेक विसर्ग सुरू. शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या या धरणाला असे सात दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते पाण्याच्याच जोरावर उघडतात, पातळी उतरली की मिटतात. कोणी कळ दाबत नाही. असे स्वयंचलित दरवाजे विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याला बसवले होते.

म्हणजे मोजणाराच करणारा असण्याची कल्पना काही माझ्या टूलची नाही. राधानगरीचा दरवाजा पाणी मोजतो आणि कृतीही करतो. मग त्याची आम्हाला भीती का वाटत नाही, किंवा वाटते ती पाण्याची, दरवाजाची का नाही?

मला दोन कारणं दिसतात. एक, तो दरवाजा एकच गोष्ट करू शकतो. उघडणं आणि मिटणं. मध्यरात्री कोणी कितीही चुकीचं लिहिलं तरी तो दुसऱ्या धरणाचं पाणी सोडू शकत नाही. शेलला अशी सीमा नाही. दोन, तो उघडला की सगळ्या खोऱ्याला कळवलं जातं. कितवा दरवाजा, किती वाजता, किती क्युसेक. मग लोक राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायला लागतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. जनावरं हलवायची की नाही ते त्यावर ठरतं. दरवाजा बोलत नाही, पण त्याच्या वतीने कोणीतरी बोलतं.

माझ्या प्रीरनच्या वतीने कोणी बोललं नाही. त्याचं बोलणं शून्य बाइटचं होतं.

*

मंगळवारी रात्री त्या पोराचा फोन आला. कामाचं काही नव्हतं. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "दादा, मी नाव दोनदा बघितलं होतं. खालची ओळ मला नीट कळली नव्हती. पण तुमची फाइल म्हटल्यावर बरोबरच असणार असं वाटलं."

तो तक्रार करत नव्हता. स्वतःची चूक सांगत होता. माझ्यावर विश्वास ठेवला, ही त्याला स्वतःची चूक वाटत होती.

आमच्या क्षेत्रात 'दोष कोणाचा हे शोधू नका, यंत्रणेत काय चुकलं ते शोधा' असं म्हणतात, आणि ते योग्यच आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेसचा फोल्डर पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरेपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी एकही नीट उपयोगी पडली नाही. सुदैवाने हाती असलेल्या सहा तासांपूर्वीच्या प्रतीवरून डेटा परत आणला. कंपनीने सगळं जाहीर केलं, इंजिनिअरचं नाव मात्र सांगितलं नाही. बॅकअप का चालले नाहीत, हा प्रश्न त्यांनी मुख्य केला. वाचताना त्या माणसाबद्दल राग येत नाही, आणि काय काय चुकलं हेही लपून राहत नाही.

पण दोष न देणं आणि कबूल न करणं यात फरक आहे. पहिली गोष्ट बाकीच्यांनी माझ्यासाठी करायची असते. दुसरी फक्त मी करू शकतो. 'यंत्रणेत चूक होती' हे वाक्य दुसऱ्याने माझ्याबद्दल म्हटलं तर ते शहाणपण. मीच माझ्याबद्दल म्हटलं, आणि तेही दुसऱ्याचं नाव फॉर्ममध्ये असताना, तर ती पळवाट.

बुधवारी सकाळी मी सगळ्यांना मेल लिहिला. चार वाक्यं. ती ओळ मी लिहिली. डिस्कचं नाव मी त्यात पक्कं घातलं होतं. ते दोन ठिकाणी बदलावं लागतं हे मी त्याला सांगितलं नाही. रविवारी रात्रीपासून मला हे माहीत आहे. शेवटचं वाक्य तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं. फॉर्ममध्ये यासाठी रकाना नव्हता, म्हणून 'शेरा' लिहिलेल्या जागेत तेच चिकटवलं.

त्यानंतर फार काही झालं नाही. मॅनेजर म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, प्रोसेसमध्ये घालू." दुसऱ्या टीमने चाचणी नव्याने सुरू केली. माझं काहीही बिघडलं नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. ज्याची किंमत जवळजवळ शून्य होती, ते बोलायला मला अडीच दिवस लागले, आणि ते अडीच दिवस एक पोरगा स्वतःला मूर्ख समजत होता.

आता आमच्या फाइल्समध्ये पुसण्याची कमांड थेट लिहीत नाही. एक छोटी स्क्रिप्ट आहे. ती डिस्कचं कायमचं नाव मागते, चाचणीची डिस्क आणि पुसायची डिस्क एकच आहे का ते तपासते, नसेल तर थांबते. तिला दुसरं काही करता येत नाही. रिपोर्टमध्ये आकड्यांच्या वर, आकड्यांएवढ्याच अक्षरांत, आधी काय चालवलं ते छापलं जातं, आणि फाइल कोणी लिहिली तेही.

तो पोरगा आता माझी कुठलीही फाइल घेतली की फोन करतो. "दादा, ही ओळ कशाला?" कधी कधी जेवताना फोन येतो, वैताग येतो. आई विचारते, "कोण आहे रे सारखं?" मी ताट बाजूला ठेवतो आणि त्याला ओळ समजावून सांगतो.